पाण्यातली फटफटी

दिनकररावांच्या मुलानं, हरिओमनं, दोरी सोडली, ताडपत्रीचं एक टोक धरून ती ओढली, आणि सांबप्पांना ते उत्तर न दिलेलं पत्र आठवलं.

साधं पोस्टकार्ड होतं. ‘सांब्या, पाण्यातली फटफटी घेतली आहे. गावात कुणी मागं बसायला तयार नाही. तू बसतोस का? होय की नाही, ते कळव.’ खाली दिनकरची सही. दिनकररावांच्या घरी फोन नव्हता असं नाही, पण फोनवर सांबप्पा नुसते ‘हं, हं’ करतात आणि ठेवून देतात, हे ठाऊक असल्यामुळं ते त्यांना कार्डच टाकत.

कार्ड येऊन दीड-दोन वर्षं झाली असतील. उत्तर द्यायचं नाही असं सांबप्पांनी कधीच ठरवलं नव्हतं. ‘नाही’ लिहावं तर मित्राचं मन मोडायचं आणि ‘होय’ लिहावं तर खरंच मागं बसावं लागायचं. सत्तरीला टेकलेल्या, कापड मोजण्यात जन्म गेलेल्या माणसानं येलदरी धरणाच्या पाण्यावर घोंगावत जायचं आणि काठावरून लोकांनी बघायचं, हे चित्रच त्यांना सोसत नव्हतं. आज लिहू, उद्या लिहू, असं करता करता दसरा गेला आणि बातमी आली, की दिनकरराव आंघोळीच्या दगडावर कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. सांबप्पा परभणीच्या दवाखान्यात गेले होते. खोलीच्या दारात पाहुण्यांची गर्दी दिसली आणि ते जिन्यावरूनच माघारी फिरले. त्या दिवसापासून आजपर्यंत त्यांनी या गावाची वाट धरली नव्हती.

“बघा काका,” हरिओम म्हणाला, “फोटोत दिसती त्याच्याहून बरी हाय.”

ताडपत्रीवरची सोयाबीनच्या भुसकटाची धूळ हळूहळू खाली बसली. गोठ्याला लागून काढलेल्या पत्र्याच्या छपरात, दोन चाकांच्या गाड्यावर, पिवळी-काळी वॉटर स्कूटर बसली होती. तोंड टोकदार, पाठ लांब. शेजारी बांधलेली म्हैस तिच्याकडं बघत रवंथ करत होती, म्हणजे तिला आता सवय झाली असावी.

धरणाच्या काठी कुणा ठेकेदारानं नावा फिरवायचा धंदा काढला होता. दोन हंगाम चालला आणि बसला. त्याच्या नावा ठेवायला दिनकररावांनी आपल्या पाणकाठच्या रानाचा तुकडा दिला होता. भाड्याच्या बदल्यात त्यांनी हे वाहन मागून घेतलं. धोतराचा काचा मारून, डोक्याला पटका गच्च आवळून ते यावर बसत आणि अख्खं गाव काठावर गोळा होई, हे सांबप्पांनी बाजारच्या दिवशी दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलं होतं. ऐकताना ते मान खाली घालून कापडाची घडी घालत बसत.

आणि चार दिवसांखाली नातीनं मोबाइलमध्ये फोटो दाखवला, “आप्पा, ही तुमच्या दोस्ताची ना? विकायला काढली.” सांबप्पांनी चष्मा लावून फोटो पाहिला. मग चष्मा काढून नुसतेच बसले. संध्याकाळी ते मुंजाजीच्या घरी गेले आणि म्हणाले, एक वस्तू बघायची आहे, चल.

मुंजाजी हा जिंतूरच्या बैलबाजारातला जुना हेडी. बैल बघणं आणि सौदा जुळवून देणं यात त्याची हयात गेली होती. पारखून घ्यायची वस्तू म्हटलं की सांबप्पांना दुसरं कुणाचं नाव सुचतच नसे. दुकानासाठी घेतलेली जुनी जीपसुद्धा त्यांनी मुंजाजीला दाखवूनच घेतली होती, आणि ती पुढं तेरा वर्षं चालली होती.

मुंजाजीनं आल्या आल्या चपला बाहेर काढल्या. दोन्ही हात पाठीशी बांधून त्यानं स्कूटरला एक फेरी मारली. मग उलट दिशेनं दुसरी मारली. मग तो समोर उकिडवा बसला आणि तिच्या तोंडाकडं बराच वेळ टक लावून पाहत राहिला.

“किती दाती म्हनायची?” बैलाचं वय दातांवरून विचारावं तसं त्यानं विचारलं.

हरिओम हसला. “बाबा, तिला दात नस्तेत. मीटर हाय. किती तास चालली ते त्याच्यात दिसतंय.”

“तास? आन वर्षं?”

“तासावरच बघत्यात.”

“लेकरागत,” मुंजाजी म्हणाला. “बारीक हाय म्हन की मग.” त्यानं तळहात तिच्या पाठीवर ठेवला आणि मानेपासून शेपटीपर्यंत सावकाश फिरवत नेला. बैलाच्या पाठीवर केसांचा उलटा भोवरा नाही ना, हे तो असंच बघत असे. डाव्या कुशीजवळ त्याचा हात थांबला. “हितं काय झालंय?”

“खडकाला घासली. वरवर हाय. आत न्हाई गेलं.”

“मारकी तर न्हाई ना?”

“मुंजाजी,” सांबप्पा हळूच म्हणाले, “बैल नाही तो.”

“ठावं हाय मला. डोळे हायेत मला. पन आप्पा, पैसा देऊन जी गोष्ट घरी न्यायची, तिची खोड इचारायची. माझ्या बापानं सोयरीक बी अशीच जमवली.”

सांबप्पांनी जिंतूरच्या एका गॅरेजवाल्याला आधी विचारून ठेवलं होतं. त्यानं सांगितलेलं त्यांनी येताना वाटेत मनाशी घोकलं होतं. ऑइल दुधासारखं पांढरं दिसलं तर आत पाणी शिरलं म्हणायचं. बैठक उचलून पोटात पाणी साचलंय का बघायचं. मागच्या भोकात बोट घालून आतल्या पात्याची धार चाचपायची, दगड-गोटा ओढला असेल तर तिथं खाचा पडतात. त्यांनी एकेक गोष्ट विचारली आणि हरिओमनं एकेक दाखवली. ऑइल तिळाच्या तेलासारखं होतं. पोट कोरडं होतं, फक्त एका कोपऱ्यात चिमणीनं काड्या आणून टाकल्या होत्या. पात्याची धार चाचपताना सांबप्पांचं बोट ज्या जागी थांबलं तिथं एक खाच होती, लहानशी. ती त्यांनी कुणाला सांगितली नाही.

“चालू करून दावतो,” हरिओम म्हणाला. “पान्याबाहेर जास्त येळ चालवता येत न्हाई. गरम होती.” किल्लीला जोडलेली गुंडाळीची दोरी त्यानं मनगटात अडकवली. “चालवनारा पडला की ही निघती आन गाडी जाग्याला बंद होती. आबा हिला दावं म्हनायचे.”

त्यानं बटण दाबलं. पत्र्याचं छप्पर थरथरलं, म्हैस दोन पावलं मागं सरली, मुंजाजीनं कानावर हात ठेवले. आणि त्या आवाजातूनही घराच्या ओसरीवरून दुसरा आवाज आला, लांब, ओढलेला, एकाच सुरातला. “आंऽऽ.”

हरिओमनं चटकन बटण बंद केलं. ओसरीवरचा आवाज आणखी थोडा वेळ येत राहिला. मग तोही थांबला.

“आयकलं?” हरिओम खाली बघत म्हणाला. “हेच. गाडीचा आवाज झाला, नाहीतर नुसती दिसली, की आबांचं हे सुरू होतंय. बाज हलवत्यात. आधी इचारायचो, काय पाहिजे, पानी का, कूस बदलू का. लय चिडत्यात. डाव्या हातानं गिलास फेकून देत्यात. मग इचारायचंच सोडलं.” त्यानं दोरी मनगटातून काढून किल्लीभोवती नीट गुंडाळली. “ही वस्तू डोळ्याम्होरं आसली की त्यायला तरास होतोय. म्हून काढायची. नांदेडचा एक जण आज दुपारीच यायलाय. त्याला मी शब्द दिला न्हाई, पन तुमी काय ते लवकर सांगा, काका.”

“मला पाहिजे,” सांबप्पा म्हणाले.

शब्द इतका पटकन निघाला की मुंजाजीनं वळून पाहिलं. गिऱ्हाइकानं असं बोलणं म्हणजे सौदा हातचा घालवणं.

“कापडाच्या दुकानात कुठं बांधनार हे घोडं?” तो दबक्या आवाजात म्हणाला. “साड्यांच्या थप्पीवर?”

नांदेडचा माणूस येणार, गाडा जीपला जोडणार आणि हे पिवळं वाहन धुरळ्यात दिसेनासं होणार, एवढंच सांबप्पांना दिसत होतं. तसं होऊ द्यायचं नव्हतं. त्यापुढं त्यांचा विचार गेलेला नव्हता.

“चला, चहा झालाय,” आतून हरिओमच्या आईचा, धुरपताबाईंचा आवाज आला.

ओसरीवर बाजेवर दिनकरराव उशाला टेकून बसले होते. दाढी आजच केलेली दिसत होती. उजवा हात मांडीवर एखाद्यानं ठेवून विसरावा तसा पडला होता. तोंडाची एक बाजू जराशी ओघळली होती, पण डोळे तेच होते. ते डोळे सांबप्पांवर आले आणि तिथंच राहिले.

सांबप्पा उंबऱ्याशी थबकले. इतक्या वर्षांची रीत अशी, की दिनकरराव लांबूनच ‘राम राम शेठ’ म्हणून ओरडायचे आणि सांबप्पा हलक्या आवाजात ‘शरणार्थ’ म्हणायचे. आज पहिली हाक येणार नव्हती. सांबप्पांनी दोन्ही हात जोडले.

“राम राम,” ते म्हणाले.

दिनकररावांचा डावा हात बाजेवरून थोडा उचलला गेला आणि परत खाली आला.

“या भावजी,” धुरपताबाईंनी चहाची बशी पुढं केली. “किती दिसानं. ह्यायला सगळं कळतंय बरं का. बोलता तेवढं येत न्हाई. लोक बसत्यात, आन ह्यायच्या डोक्यावरून एकमेकाशी बोलत्यात, जसं बाजंवर कुनी न्हाईच.” त्या पदरानं नवऱ्याची हनुवटी पुसत म्हणाल्या, “बरे होते तवा पोस्टमन दारावरून गेला की ह्यायचं एकच. सांबप्पाचं कार्ड आलं का? आवो, म्हनलं, त्यायचं दुकान हाय, यायचं तवा येईल.”

सांबप्पांनी बशी तोंडाला लावली. चहा कढत होता, तरी ते तसाच पीत राहिले.

हरिओमनं मोबाइल पाहिला. “काका, त्या नांदेडवाल्याचा फोन आलता. जिंतूरला पोचला म्हनं. मग, तुमचा काय भाव?”

मुंजाजीनं खांद्यावरचं उपरणं काढलं, झटकलं आणि आपल्या हातावर पसरून हरिओमपुढं धरलं.

“हे काय?”

“हात घाल.”

“कशाला?”

बैलबाजारात भाव कधी तोंडानं बोलत नाहीत. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हात उपरण्याखाली जातो. बोटं धरायची, दाबायची, सोडायची, आणि आकडा त्या दोघांनाच कळतो. पटलं नाही तर हात बाहेर काढून घ्यायचा. हरिओमनं हे लहानपणी लांबून पाहिलं असेल, पण तो जाणता झाला तोवर त्यांच्या दावणीला बैल उरले नव्हते, ट्रॅक्टर आला होता.

“बाबा, तोंडानं बोला की. हितं कोन परकं हाय?”

“वारं हाय,” मुंजाजी म्हणाला. “मी जन्मात तोंडानं भाव केला न्हाई. सहा शेजारी आयकत्यात आन मंग सौद्याला दृष्ट लागती.” त्याचं उपरणं हवेत तसंच राहिलं. मग तो आजूबाजूला बघू लागला, आणि त्याची नजर बाजेवर गेली. “आन काय रे, गाडीचा मालक कोन? तू का त्यो?”

“आबाच. पन आता सगळं मीच...”

“मंग मालकाचा हात पायजे. मालकाच्या हाताशिवाय जनावर दावनीचं सोडत न्हाईत. ह्या दिनकररावानं बाजारात किती जोड्या माझ्याच उपरन्याखाली घेतल्या, तुला काय ठावं? आप्पा, उठा. घेनारे तुमी. घाला हात.”

सांबप्पा बसूनच राहिले. एवढ्या लोकांत उठून बाजेजवळ जायचं, त्या हाताला हात लावायचा. मुंजाजीनं त्यांच्या बखोटीला धरून उठवलं.

दिनकररावांचा डावा हात आणि सांबप्पांचा उजवा हात, दोन्हींवर उपरणं पडलं.

आत अंधारात असल्यासारखं वाटलं. दिनकररावांचा तळवा अजून राठ होता आणि गरम होता. सांबप्पांना ही खूण कुणी शिकवली, तर याच हातानं. तेव्हा दोघंही पंचविशीतले होते. दुकानात गिऱ्हाईक नसलं की दिनकर ताग्याखाली हात घालायला लावायचा आणि म्हणायचा, सांग आता, किती झाले? सांबप्पा नेहमी चुकायचे. चुकले की बोट पिरगाळायचा.

सांबप्पांनी घाबरत घाबरत भाव धरला. काहीच झालं नाही. सगळे बघत होते. बाहेर कोंबडी कचऱ्यात पाय मारत होती.

मग उपरण्याखाली बोटं हलली.

आधी एक बोट चाचपल्यासारखं केलं, सोडलं. मग चार बोटं घट्ट धरली आणि दाबली. खूण चुकत तर नाही ना, म्हणून सांबप्पांनी पुन्हा आपला भाव धरला. पुन्हा उत्तर आलं, तेच, आणि आता जरा रागानं.

“काय म्हनला?” मुंजाजीनं विचारलं.

“वर गेला,” सांबप्पा म्हणाले. “खूप वर.”

धुरपताबाईंच्या हातातली किटली तिथंच थांबली. “कोन वर गेलं?”

“वैनी, ह्यानं भाव सांगितला.”

“ह्यायनी?”

हरिओम बाजेजवळ आला. “काका, हात आपोआप वळत आसंल. शीर आखडती त्यायची.”

“आखडती व्हय!” मुंजाजीला हे लागलं. “आप्पा, वाढवा. बघू शीर काय म्हनती.”

सांबप्पांनी भाव वाढवला. दिनकररावांनी तो लगेच आणखी वर नेला. सांबप्पांनी पुन्हा वाढवला, आता ते मनातल्या मनात घाबरले होते, कारण एवढं तर ते देऊ शकणारच नव्हते. दिनकररावांनी तोही मागं टाकला. आणि त्यांच्या तोंडाची जी बाजू चालत होती, ती वर गेली. डोळा बारीक झाला. बाजारात पांढऱ्या बैलाच्या पाठीवर हात टाकून उभा राहिलेला, समोरच्याला घाम फोडणारा माणूस हाच.

मुंजाजी मांडीवर हात मारून हसू लागला. “इकायचीच न्हाई त्याला! आसा भाव इकनारा सांगत नस्तो रे हरिओम. जनावर जिवाचं आसलं, आन कुनी गळ्यात पडला, की बाजारात आसाच भाव सांगत्यात. गिऱ्हाइकानं आपन होऊन उठून जावं म्हून.”

हरिओमनं बापाकडं पाहिलं, मग छपराकडं, मग पुन्हा बापाकडं.

“आबा,” तो म्हणाला. “गाडी चालू झाल्यावर तुमी वरडता ते...”

“आं,” दिनकरराव म्हणाले. आखूड आणि ठाम.

“मला वाटलं, नजरंआड करावी म्हून.”

यावर दिनकररावांनी मुलाकडं असं पाहिलं, की धुरपताबाई एकदम हसल्या आणि हसता हसता त्यांनी पदर तोंडाला लावला. “गिलास फेकून मारायचे तवाच कळाया पायजे होतं,” त्या म्हणाल्या.

हरिओम बाजेच्या पायथ्याशी बसला आणि बापाचा निर्जीव पाय उगाच दाबू लागला.

“चला मग, आप्पा,” मुंजाजी म्हणाला. “सौदा मोडला. काढा हात.”

सांबप्पांनी हात ओढला. तो आला नाही.

त्यांनी पुन्हा हलकेच ओढून पाहिला. उपरण्याखाली दिनकररावांची पकड आणखी आवळली.

“सोडत नाही,” सांबप्पा म्हणाले.

“भाव बी सोडंना आन हात बी सोडंना, ही कोनती रीत?” मुंजाजी वाकून उपरण्याकडं बघू लागला, जणू त्याला कापडातून दिसणार होतं. “काय करायलाय आता?”

दिनकररावांच्या बोटांनी सांबप्पांचा तळवा उलगडला. अंगठा आणि करंगळी बाजूला सारली, शेजारची बोटं चाचपली, आणि मग पहिलं आणि मधलं बोट एकाला एक लावून घट्ट धरून ठेवली. ही खूण दुकानात ताग्याखाली कधी शिकवली गेली नव्हती. सांबप्पा गोंधळले. दिनकररावांनी ती दोन बोटं सोडली आणि पुन्हा तशीच जोडली.

“दोन बोटं जोडून धरायलाय,” ते मुंजाजीला म्हणाले. “दोनाचा आकडा असा नसतो ना?”

मुंजाजीचं हसू थांबलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली.

“आकडा न्हाई त्यो,” तो म्हणाला. “अर्धेली हाय ती. अख्खा बैल घ्यायची ऐपत नसली, न्हाईतर इकायचं मन नसलं, तर दोघांत एक जनावर ठिवत्यात. ऱ्हातंय एकाच्या दावनीला, मालक दोघं. तवा आशी दोन बोटं धरत्यात.” तो जरा थांबला. “इकत न्हाई म्हनायलाय. पन तुमाला अर्धी देतो म्हनायलाय.”

सांबप्पांनी मित्राकडं पाहिलं. मित्र त्यांच्याकडंच पाहत होता, चेहरा न हलवता, उत्तराची वाट पाहणारा माणूस पाहतो तसा.

उपरण्याखाली सांबप्पांनी ती दोन बोटं दिनकररावांच्या हातात तशीच राहू दिली, आणि दुसऱ्या हातानं त्यांच्या मुठीवर थोपटलं. मग अर्ध्याचा भाव धरला. तो काय होता, ते त्या दोघांशिवाय कुणाला कळलं नाही. दिनकररावांनी एकदा वर नेला, एकदा खाली आणला, आणि हात सोडला.

बाहेर हरिओम फोनवर बोलत होता. “न्हाई दादा, येऊ नका. व्हय, माफ करा, निघालात ते ठावं हाय मला. न्हाई, दुसऱ्याला इकली न्हाई. मालक न्हाई म्हनायलेत.” मग थोडं थांबून, “आवो, मी न्हाई. मालक माझे वडील हायेत.”

निघताना धुरपताबाई दारापर्यंत आल्या. “आता अर्धे मालक झालात, भावजी. एकदा तरी बसावं लागतंय. हरिओम चालवील. ह्यायला काठावर खुर्चीत बसवू.”

घराच्या मागं उतारावर येलदरीचं पाणी दुपारच्या उन्हात पत्र्यासारखं पडलं होतं. पलीकडचा काठ कुठं सुरू होतो ते कळत नव्हतं. सांबप्पांनी तिकडं पाहिलं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं, पण त्यातून आलं ते नुसतं “हं.”

मुंजाजीची मोटारसायकल जिंतूरच्या रस्त्याला लागली.

“आप्पा,” तो वाऱ्यात ओरडला, “अर्धी म्हंजी कोनती अर्धी घेतली? फुडची का मागची?”

सांबप्पांनी त्याच्या सदऱ्याला घट्ट धरलं होतं. खड्डा आला, गेला.

“मागची,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं, उदबत्ती लावली आणि गड्याला बसवून पोस्टात गेले. खिडकीतल्या बाईनं कार्ड देताना एकदा त्यांच्याकडं पाहिलं, आजकाल कार्डं कुणी घेत नसे. तिथल्याच तिरक्या फळीवर त्यांनी लिहायला घेतलं. पहिल्यांदा उशिराबद्दल लिहावं असं वाटलं. मग दवाखान्याच्या जिन्याबद्दल. दोन्हीसाठी कार्ड लहान होतं. त्यांनी पेनाचं टोक थोडा वेळ तसंच वर धरलं आणि मग एकाच दमात लिहिलं:

‘दिनकर, तुझं कार्ड मिळालं. होय. बसतो. येत्या सोमवारी येईन. मला पोहता येत नाही, हे हरिओमला सांगून ठेव. — सांब्या’

शेवटचं वाक्य वाचून त्यांना लाज वाटली. ज्याला बोलता येत नाही, त्याला ‘सांगून ठेव’ असं लिहिलं होतं. नवं कार्ड घ्यावं का? पण हे कार्ड धुरपताबाई वाचतील, मोठ्यानं वाचतील, आणि हरिओम तिथंच असेल. त्यांनी ते तसंच लाल पेटीत टाकलं.

टाकल्यावर त्यांना परत जाता येईना. पेटीशेजारच्या बाकावर ते बसले. चप्पल पायातून काढली, पुन्हा घातली. अजून वेळ होता. अजून कुणाला तरी सांगून ते बाहेर काढता आलं असतं, सोमवारचं नंतर कधीतरी करता आलं असतं. दुकानात गिऱ्हाईक आलं असेल. ते उठले, पेटीपर्यंत गेले आणि पुन्हा येऊन बसले.

बऱ्याच वेळानं किल्ल्यांचा जुडगा घेऊन एक माणूस आला. त्यानं पेटीचं दार उघडलं आणि आतलं सगळं कापडी पिशवीत ओतलं. मोजकीच पाकिटं होती. त्यांत एकच कार्ड होतं, ते वर आलं आणि पुन्हा आत सरकलं. सांबप्पा उभे राहिले होते.

“काय, आप्पा?” तो माणूस म्हणाला. “तुमचं काही काढायचं हाय का परत?”

सांबप्पांनी पिशवीकडं पाहिलं.

“नको,” ते म्हणाले. “जाऊ द्या.”